नवरदेवाच्या कट्यारीचं म्यान

पामच्या चुरी मंडळींच्या घरात कार्य निघालं की प्रत्येकाला काम वाटून दिलं जाई. फक्त दिनानाथरावांना बसायला पाट आणि हातात चहा दिला जाई. "भावजी, तुमी कशाला उठता? बसा तुमी!" असं रखमावहिनी इतक्या मायेनं म्हणत, की परक्याला वाटावं, काय हा दिराचा मान! पण त्यातली मेख दिनानाथरावांना ठाऊक होती. चुलतबहिणीच्या लग्नात त्यांच्याकडे वाजंत्री आणायचं काम दिलं होतं. रस्ता त्यांना माहीत होता. पण माहीत असलेला रस्तासुद्धा चार जणांना विचारल्याशिवाय चालायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. चौघांनी चार वाटा सांगितल्या. कुणाचं मन मोडायला नको म्हणून दिनानाथरावांनी थोडं थोडं चौघांचंही ऐकलं, आणि वाजंत्री कुंभवलीऐवजी सरावलीच्या भलत्याच लग्नात जाऊन वाजली, जेवली आणि विडे खाऊन झोपली. इकडे नवरी थाळीच्या तालावर बोहल्यावर चढली.

तेव्हापासून हे असं. पालघरला तालुक्याच्या कचेरीत दिनानाथराव अव्वल कारकून होते. तिथं त्यांच्या शेऱ्याशिवाय कागद पुढं सरकत नसे. आणि गावी, पामला, त्यांना पंगतीसाठी केळीचं पानसुद्धा कुणी कापू देत नसे. माणसाला एखादी गोष्ट लागते म्हणजे किती लागावी! बायको दमयंतीबाई म्हणायच्या, "बरंच आहे की! आयतं जेवा आणि या." पण दिनानाथरावांच्या घशाखाली तो आयता घास उतरत नसे. थोरल्या भावानं, अण्णानं, एकदा तरी आपल्याला सगळ्यांदेखत म्हणावं, 'दिना, हे काम तूच कर.' एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि एक दिवस अण्णा खरोखरच आले. बाजारहाटाला पालघरला आले होते. खांद्यावरची पिशवी उतरवली, पाणी प्याले आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांबट वस्तू दिनानाथरावांच्या मांडीवर ठेवली.

"माझ्या नामदेवाचा लग्न वैशाखात धरलाय," अण्णा म्हणाले. "ही आपली कट्यार. म्यानाला वाळवी लागली, भुगा झाला. नवा म्यान करून आण. आणि दिना, बाकी काय करू नको."

यातलं शेवटचं वाक्य दिनानाथरावांना ऐकूच आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

आता ही कट्यार काय चीज होती, ते सांगायला हवं. आमच्याकडे हळद लागली, की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागून, सत्यनारायण होईपर्यंत नवरदेव ती हातातून सोडत नाही. चुऱ्यांची कट्यार पूर्वजांनी वसईच्या लढाईत गाजवली होती, असं घरात सांगत. खरं खोटं देव जाणे. पालघरपासून तारापूरपर्यंत वसईच्या लढाईतली हत्यारं इतक्या घरांतून निघतात, की फिरंगी लोक मार खाऊन नव्हे, तर गर्दीला कंटाळून पळाले असावेत. ते काही असो, गेल्या कित्येक पिढ्या त्या कट्यारीनं लिंबांखेरीज काही भोसकलं नव्हतं. म्हणजे लिंबं आणि चुऱ्यांचे नवरदेव. कारण हातात उघडी कट्यार आणि डोक्यात लग्न, अशा अवस्थेतला माणूस स्वतःला कुठं ना कुठं कापून घेतोच. अण्णांच्या मांडीवर वण होता, दिनानाथरावांच्या तळहातावर होता. पामला कुणी ओळख विचारली तर चुऱ्यांनी वण दाखवावा, अशी थट्टा चाले.

म्यान म्हटलं, की पहिला प्रश्न उभा राहतो, कशाचं करायचं? दुसऱ्या कुणीही बाजारात जाऊन मिळेल ते घेतलं असतं. दिनानाथराव कचेरीतले. मत मागवल्याशिवाय त्यांनी कधी साधी टाचणी बदलली नव्हती. त्यांनी कट्यार बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवली आणि मतं मागवायला सुरुवात केली.

शेजारच्या खोलीत चंद्रभान नावाचा माणूस भाड्यानं राहत असे. तारापूरला अणूपासून वीज करायचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिथं एका ठेकेदाराकडे तो मुकादम होता. तिथं गोरे साहेब पाहून पाहून जुन्या सगळ्या वस्तूंवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

"साब, लकडी-चमडा अब कौन पूछता है?" तो म्हणाला. "जमाना प्लास्टिक का है! न सडेगा, न कीडा लगेगा. ऐसा मियान बनाऊंगा, आपके पोते का पोता इस्तेमाल करेगा."

दुसऱ्या दिवशी तो कुठूनसा प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घेऊन आला. नळी गरम करायची, चपटी करायची आणि मऊ असतानाच तिच्यात कट्यार घालायची, की झालं म्यान. दमयंतीबाई देवळात गेल्या होत्या. चुलीवर तवा होता. तव्यावर नळी ठेवली. पहिल्यांदा ती मऊ झाली. चंद्रभान म्हणाला, "देखा?" मग ती आणखी मऊ झाली. चंद्रभान काही म्हणाला नाही. मग ती तव्यावर धिरड्यासारखी पसरली आणि घरात असा धूर झाला, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावत आलं. दमयंतीबाई परत आल्या, तेव्हा चंद्रभान घरात नव्हता. पुढं कितीतरी दिवस चुऱ्यांकडच्या भाकरीला अणुयुगाचा वास येत होता.

"प्लास्टिक बाद," दिनानाथराव नाक पुसत म्हणाले.

"तवाही बाद," दमयंतीबाई म्हणाल्या.

मग लाकडाची पाळी आली. पूर्वीचं म्यान लाकडाचंच होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की ते नीट पाहिलेला माणूस घरात कुणीच नव्हता. डोंगराकडून सरपणाच्या मोळ्या घेऊन येणारा जिवल्या दारात बसला होता. त्याच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी होती आणि तिच्यात कोयता अडकवलेला होता. दिनानाथरावांनी त्याचंही मत विचारलं. विचारण्यात कसूर नको.

"म्यान?" जिवल्या हसला. "आमी नाय करत. आकडीत टांगला का झाला. मागं हात घातला का कोयता हातात."

"पण नवरदेवानं कमरेला उघडी कट्यार टांगून फिरायचं?"

"मंग तुमचा नवरदेव फाटी तोडाय जातो काय?"

दिनानाथरावांनी विषय बदलला आणि सागाचा एक चांगला तुकडा आणून द्यायला सांगितलं. जिवल्यानं दोन्ही हात जोडले. "साग नको, सायेब. जंगलखात्याच्या नाक्यावरचा गारद मोळी सोडवून सोडवून बघतो. सागाची काडी सापडली तं मलाच बसवून ठेवल."

दिनानाथराव स्वतः नाक्यावर गेले. आपण कोण, ते सांगितलं. गारदानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, की तुकडा वीतभर असो नाहीतर हातभर, साग तो साग. पास लागेल. पाससाठी अर्ज, अर्जासोबत लाकूड कुठल्या झाडाचं त्याचा दाखला, आणि झाड तोडलेलं असल्यास ते का तोडलं त्याचा खुलासा. ऐकता ऐकता दिनानाथरावांच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं. काय चोख काम! पण वैशाख तोंडावर आला होता.

"घरातल्या जुन्या सामानाचं लाकूड असलं, तर मात्र काही लागत नाही," गारद दारापर्यंत सोडायला येत म्हणाला.

दिनानाथरावांच्या घरात जुन्या सागाची एकच वस्तू होती. दमयंतीबाईंचा माहेरचा पाट. त्याचं काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवसापासून त्या घरात जो कोणी जेवायला बसे, तो उजवीकडे कलून जेवे.

सुतारानं दोन फळ्या कोरून, जोडून म्यान केलं. पण पाटाचा तुकडाच आखूड. कट्यार आत गेली, ती खालून टोक बाहेर काढून बसली. सुतार म्हणाला, "बोईसरला तांबट आहे. पितळेचं टोपण करून बसवा टोकाला. शोभाही येईल." दिनानाथरावांनी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं, काखेत मारलं आणि बोईसरची एस.टी. पकडली.

गाडीत ही गर्दी! कारखान्याच्या कामावर जाणारे, भाजीवाल्या, कोंबड्या. एका वळणावर गाडी कलंडली, दिनानाथरावही कलंडले, आणि शेजारच्या जाड्या गृहस्थानं अशी बोंब ठोकली, की ड्रायव्हरनं गाडीच थांबवली. गृहस्थाला फार लागलं नव्हतं, पण जिथं लागलं होतं ती जागा चारचौघांत दाखवण्यासारखी नव्हती, त्यामुळे दुखापत केवढी ते कुणालाच ठरवता येईना. कंडक्टरनं वर्तमानपत्र उलगडलं आणि पातं पाहून दोन पावलं मागं सरला. गाडी वाटेतल्या चौकीसमोर उभी राहिली.

चौकीतले जमादार सज्जन होते. "हे शस्त्र आहे का?" त्यांनी विचारलं.

"शस्त्र म्हणजे काय, जमादारसाहेब!" दिनानाथरावांची छाती फुगली. "वसईच्या लढाईत–"

"शस्त्र असलं तर परवाना लागतो."

छाती खाली आली. "समजा, शस्त्र नसलं तर?"

"तर घरातली वस्तू. मग काही नाही. या वस्तूनं आजवर काय कापलंय?"

दिनानाथराव सत्यवचनी माणूस. "लिंबं," ते म्हणाले.

जमादारांनी मान डोलावली आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं. दिनानाथरावांनी खाली सही केली. वसईचा किल्ला पाहिलेली, पूर्वजांच्या हातातली कट्यार त्या दिवशी 'भाजीची सुरी, एक' झाली. पूर्वज वरून पाहत असतील तर त्यांनी क्षणभर पलीकडं पाहावं, अशी दिनानाथरावांनी मनातल्या मनात विनंती केली.

जाताना जमादारांनीही मत दिलंच. "लाकूड फुटतं हो! म्यान पाहिजे चामड्याचं." त्यांनी कमरेच्या पट्ट्यावर थाप मारली. "हा बघा. किती वर्षं झाली, बोटभर हलला नाही."

पोट हललं होतं, पण पट्टा खरंच हलला नव्हता.

चामडं दिनानाथरावांच्या मनात भरलं. पण कट्यार दसऱ्याला देवघरात पुजायची, लग्नात देवकापुढं ठेवायची. देवापुढं चामडं कसं चालणार? अण्णा उंबऱ्यातूनच परत पाठवतील. ही अडचण त्यांनी दमयंतीबाईंना सांगितली.

"का? देवापुढं ढोलकी वाजते ती काय केळीच्या पानाची असते?" दमयंतीबाई निवडत्या तांदळातून मान न उचलता म्हणाल्या.

"ढोलकीची गोष्ट वेगळी."

"मग वरून मखमल चढवा. माझ्या पोलक्याचं उरलंय. पाट दिला, तवा दिला, हेही घ्या!"

दिनानाथरावांचा चेहरा उजळला. त्यांच्या मनात किती दिवस घोळत असलेला पेच एका क्षणात सुटला. निवड करायचीच कशाला? सुताराचा मान राहील असं आत लाकूड, जमादारांच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर चामडं, त्यावर बायकोची जांभळी मखमल, टोकाला तांबटाचं पितळी टोपण. कुणाचंच मन मोडायला नको. प्लास्टिक तेवढं राहिलं, म्हणून चंद्रभानसाठी मुठीजवळ नायलॉनची एक दोरी.

स्टेशनाबाहेरच्या जोडेवाल्यानं लाकडावर चामडं शिवायचं काम घेतलं. "चामडं ओलं करून चढवतो," तो म्हणाला. "आत चिंचोक्याची खळ. कट्यार आतच ठेवून वाळवू. म्हणजे चामडं तिच्या अंगासरशी बसेल, मापात. पुरतं वाळेपर्यंत उपसू नका मात्र."

"मुळीच नाही," दिनानाथराव म्हणाले.

ते सूचना पाळणारे होते. त्यांनी म्यान उन्हात वाळवलं. लग्नाला निघायच्या दिवसापर्यंत वाळवलं. उपसून पाहायचा मोह त्यांना अनेकदा झाला, पण तो त्यांनी आवरला. तांबटानं टोकाला टोपण ठोकलं, दमयंतीबाईंनी मखमल शिवली, कडेला जरीची फीत लावली. तयार झालेली वस्तू दिनानाथरावांनी उजेडात धरून पाहिली. फुगलेलं, जांभळं, टोकाला पितळी कळी असलेलं ते म्यान बैठकीवरच्या गुबगुबीत लोडासारखं दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांना ते राजदरबारातलं वाटलं.

पामला मांडव पडला होता. वाडीतल्या नारळीच्या झावळ्या, आंब्याचे टहाळे, साखर रेशनची म्हणून गुळाचा चहा. दिनानाथरावांनी म्यान अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते फिरवून पाहिलं, मखमलीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "झकास झालाय." एवढंच. पण सगळ्यांदेखत म्हणाले. त्या दिवशी दिनानाथरावांनी चहाचा पेला घेतला, तो उभ्यानं घेतला. बसा म्हणणाऱ्या रखमावहिनींना त्यांनी सांगितलं, "बसायला वेळ कुठंय, वहिनी!"

संध्याकाळी हळद लागली. नामदेव नखशिखान्त पिवळा होऊन पाटावर बसला. कुणीतरी ओरडलं, "कट्यार आणा!" दिनानाथराव पुढं झाले. ताटातलं पिवळंधमक लिंबू वाट पाहत होतं. त्यांनी डाव्या हातात म्यान धरलं, उजव्या हातात मूठ, आणि ऐटीत उपसली.

उपसली म्हणजे उपसायला गेले. कट्यार हलली नाही.

त्यांनी हसून पुन्हा ओढली. मग न हसता ओढली. मग पायात धरून ओढली. लाकडानं ओल पिऊन अंग फुगवलं होतं, चामडं आवळून बसलं होतं, आणि मधल्या खळीनं दोघांची सोयरीक पक्की केली होती. बोटभर हलणार नाही, असं जमादार म्हणाले होते ते खरं झालं.

"द्या, काका, मी बघतो," नामदेव म्हणाला. हळदीचा हात. तो मुठीवरून सटकला आणि नवरदेव मागच्या बायकांत जाऊन पडला. मग दोन पाव्हण्यांनी मूठ धरली, दोघांनी म्यान धरलं. इकडून "हैसा!" तिकडून "हैसा!" पाण्यात होडी लोटावी तसा सगळा मांडव जोर करू लागला. आणि सल्ले तर काय विचारता!

"तेल सोडा!"

"चुलीवर धरा!"

"नायतर असं करा," एक म्हातारे पुढं आले, "ती मखमल टरकवा वरची. खाली काय हाय ते दिसल, मंग चिरता येल."

खाली काय आहे ते दिनानाथरावांना माहीत होतं. समोर देवक मांडलेलं. त्यांनी झडप घालून म्यान छातीशी धरलं. "मखमलीला हात लावायचा नाही!" त्यांचा आवाज चिरकला. सगळे त्यांच्याकडं पाहत होते आणि त्या पाहण्यात कुंभवली होती, सरावली होती, वाजंत्री होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आता अण्णांनी नुसतं 'दिना, बस' म्हटलं असतं तरी दिनानाथराव त्या वाडीतल्या विहिरीकडं चालू लागले असते.

तेवढ्यात दमयंतीबाई उठल्या. त्यांनी ताटातलं लिंबू उचललं, नवऱ्याच्या हातातलं म्यान सरळ केलं आणि लिंबू म्यानाच्या पितळी टोकावर कचकन खोचलं.

"लिंबू टोकाला लागलं ना?" त्या म्हणाल्या. "झालं तर! पात्याचं टोक की म्यानाचं, असं दृष्ट काय वाकून बघते? घे रे नामदेवा."

बायका हसल्या. मग पुरुष हसले. भटजींनी जरा विचार केला, पंगतीच्या दिशेनं पाहिलं आणि "चालेल" म्हणाले. नामदेवानं ते जांभळं धूड हातात घेतलं.

आणि काय सांगू महाराज, असं निर्धास्त लग्न चुऱ्यांच्या घरात कधी झालं नव्हतं! नामदेवानं त्या कट्यारीनं पाठ खाजवली, मित्रांच्या टाळक्यात टपल्या मारल्या, वरातीत ती उशाशी घेऊन झोप काढली, कारण वस्तू मऊ होती. पण कुणाच्या अंगावर ओरखडा नाही. लग्न लागल्यावर रखमावहिनींनी लेकाचे हातपाय नीट पाहिले आणि म्हणाल्या, "बाई बाई, वण नाय लागला!" दिनानाथरावांच्या जिवात जीव आला. जरा मानही ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी ते हात धुवायला मागच्या दारी गेले होते. पडवीत अण्णा आणि रखमावहिनी बोलत होते.

"पण म्यान होवा कशाला होता, मी म्हणते?" वहिनींचा आवाज आला. "आजवर कुणी वापरला? लग्नभर टोकाला लिंबू असतो. लिंबू हाच म्यान. आनि मंग वर्षभर ट्रंकेत."

"होवा कुठं होता?" अण्णा म्हणाले. "दिनाच्या हाताला कायतरी काम. मोकळा राहिला असता तं मांडवात हात घातला असता."

दिनानाथराव तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. पाणी ओट्यावरून वाहून अळूत गेलं. फार वाईट वाटलं त्यांना. रडूच आलं म्हणा ना. तवा, पाट, चौकीतली सही, सगळं डोळ्यापुढून गेलं. रडत्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसं आपल्याला म्यान दिलं होतं. ते मुकाट्यानं आत आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. कुणीतरी चहा आणून दिला. त्यांनी बसूनच घेतला.

निघायच्या वेळी अण्णा कट्यार घेऊन आले. टोकावरचं लिंबू सुकून काळं पडलं होतं. "ही घेऊन जा," ते म्हणाले. "तूच घातलीस, तूच काढ. निघाली का आणून दे."

घरातली माणसं एकमेकांकडं पाहू लागली. म्यानापुरती पालघरला गेली ती सोडली, तर चुऱ्यांची कट्यार आजवर एक रात्रसुद्धा थोरल्या घराबाहेर राहिली नव्हती. वाटण्या झाल्या, वाड्या वाटल्या, भांडी वाटली, पण कट्यार थोरल्या घरातच. अण्णांच्या ते लक्षात होतं की नव्हतं, ही कटकट घालवायची होती की मान द्यायचा होता, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. अण्णांच्या तोंडावरून काही कळत नसे. दिनानाथरावांनी दोन्ही हात पुढं केले.

परतीच्या एस.टी.त नेमका तोच कंडक्टर. "काय, भाजीची सुरी पुन्हा?" त्यानं विचारलं.

"कट्यार आहे," दिनानाथराव म्हणाले.

"बघू, काढा."

"निघत नाही."

कंडक्टरनं स्वतः ओढून पाहिली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "मग बसा बिनघोर."

पालघरच्या घरात कट्यार देवघरात विराजमान झाली. सगळ्या आळीला बातमी लागली आणि सल्ल्यांची रीघ लागली. कुणी रॉकेल सांगितलं, कुणी गरम वाळू, चंद्रभान तर म्हणाला, "साब, मशीन से काट देंगे!" दिनानाथराव सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि मान डोलावत. पण जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. पामहून येणाऱ्या माणसाबरोबर अण्णा विचारून पाठवत, "निघाली का?" दिनानाथराव कचेरीतल्या आवाजात सांगत, "प्रयत्न चालू आहेत." दसऱ्याला चुऱ्यांची माणसं कट्यारीच्या पूजेला पालघरला आली. अण्णासुद्धा आले आणि त्या कललेल्या पाटावर बसून उजवीकडे झुकून जेवले.

पुढच्या चैत्रात ऊन असं काही तापलं, की विचारू नका. एका दुपारी दिनानाथराव देवघर पुसत होते. त्यांनी कट्यार उचलली मात्र, आतून किर्रकन आवाज आला. खळीचा भुगा मांडीवर पडला आणि वसईच्या लढाईतलं पातं आपोआप चार बोटं बाहेर आलं. चकाकत होतं. आणखी जरा हिसका दिला असता, तर पुरतं हातात आलं असतं.

दिनानाथराव पाहत राहिले. मग ते उठले, स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेऊन आले, कट्यार उभी धरली आणि मुठीवर ठोकून ठोकून पातं पुन्हा आत घालू लागले. मागं चाहूल लागली म्हणून त्यांनी वळून पाहिलं. दारात दमयंतीबाई उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. दिनानाथरावांचा बत्ता हातातच राहिला.

"हळू ठोका," दमयंतीबाई दार लोटून घेत म्हणाल्या. "शेजारच्यांनी ऐकलं, तर निघाली म्हणून पामला सांगत सुटतील."